बेरोजगारी 5.1 टक्के, मग आमच्या गल्लीतली पोरं कुठल्या टक्क्यात?

कोष्टी_गल्ली: 'रडगाणं बंद करा' हा धागा वाचून झोप उडाली. म्हणणं काय, तर देशाचा मासिक बेरोजगारी दर मे 2025 मध्ये 5.6 होता, ऑगस्टमध्ये 5.1 झाला, म्हणजे कामं वाढली आणि सोलापूरकरांना उगाच कुरकुरायची खोड. त्या धाग्यावर प्रतिसाद बंद, म्हणून इथं.

एक तर हा आकडा सरकारी श्रमबल सर्वेक्षणातला, अख्ख्या देशाचा. सोलापूरचं त्यात वेगळं काही दिसत नाही. दुसरं, हिशेब चालू साप्ताहिक स्थितीचा: मागच्या सात दिवसांत तासभर काम केलं की तुम्ही रोजगारात. शेजारच्या काकू बिड्या वळतात. पानं-तंबाखू कमी मिळाली की निम्मा आठवडा मांडीवरचं सूप रिकामं. वळलेल्यातल्या खराब म्हणून छाटल्या जातात त्या वेगळ्याच. तरी सर्वेक्षणात काकू कामावर! बापाच्या दुकानात फुकट बसणारं पोरगंही कामावर. आणि ज्यानं कंटाळून काम शोधणं सोडलं, मिळालं तरी करायला तयार नाही, तो ना अंशात ना छेदात.

आशावादी_413: तो धागा माझाच. एक तासाचा नियम दिल्लीत कुणी रात्रीत शोधलेला नाही, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचं मोजमाप तेच आहे. शिवाय मोजपट्टी दर महिन्याला तीच. मग घट दिसली की मान्य करायला पोटात का दुखतं?

कोष्टी_गल्ली: मोजपट्टी तीच, हंगाम तोच आहे का? मे महिन्यात रब्बी उरकलेली, रानात चिटपाखरू नसतं. ऑगस्टात खुरपणीला बायका मिळत नाहीत. मासिक आकड्यातून हंगामाचा चढउतार वजा केलेला नसतो. ऑगस्ट ऑगस्टशी ताडायचा, आणि मासिक आकडे सुरूच झाले एप्रिल 2025 पासून. कशाशी ताडलंस?

सत्य_कडू: अरे, 2023-24 ला दर 3.2 होता, ऑगस्ट 2025 ला 5.1! सरळ वाढलाय. झाकताय काय?

आशावादी_413: 3.2 हा वर्षभराच्या नेहमीच्या स्थितीचा आहे, 5.1 साप्ताहिक स्थितीचा. दोन वेगळे हिशेब. आधी वाचा, मग कडू व्हा.

कोष्टी_गल्ली: दुर्दैवानं हा बरोबर बोलतोय.

टॉवेलवाला: तुमची टक्केवारी घाला चुलीत. माझे चार यंत्रमाग बंद आहेत, माणूस नाही म्हणून. रात्रपाळीला तर कुणी उभंच राहत नाही. कुठंय बेरोजगारी? पोरांना मोबाइल घेऊन पुण्याला पळायचंय.

गिरणीचं_पोर: पुण्याला पळतात? पुण्याच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये कधी बसून बघा, शेठ. माझा बाप गिरणीत होता. गिरणी बंद पडली, देणी मिळवायला वर्षानुवर्षं खेटे घातले. मग मागावर गेला. उभ्यानं पाळी, कानठळ्या, नाकातोंडात कापूस. मरेपर्यंत पीएफचा कागद बघितला नाही. मला म्हणाला, 'भीक माग, पण माग चालवू नको बे.'

टॉवेलवाला: सगळे मालक चोर, हेच ना? सुताचा भाव चढतो, चादरीचा चढत नाही. वीजबिल कुणाचा बाप भरतो?

गिरणीचं_पोर: बापावर जाऊ नका.

सत्य_कडू: 2023 ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, विमानाला आडवी येते म्हणून. त्या विमानात बसणार कोण, बिडी कामगार?

आशावादी_413: आली चिमणी! पोहे कच्चे राहिले तरी या शहरात चिमणीच आठवते.

टॉवेलवाला: चिमणीचं सोडा. पगाराचं बोलायचं तर मी विणलेल्या कापडाच्या मीटरवर देतो. काम करेल तेवढं घ्या.

कोष्टी_गल्ली: बाजार मंद असला की आठवड्यात चार दिवस माग बंद ठेवता, तेव्हा मीटर कुठून येणार? आणि तो कामगार त्या आठवड्यात बेरोजगार गणला जात नाही, कारण उरलेले दिवस तो कामावर होता. इथंच तर माझा धागा सुरू झाला, शेठ. सगळं वळसा घालून तिथंच आलं.

आशावादी_413: बरं बाबा. 'कामं वाढली' हे एवढ्यावरून म्हणता येत नाही. मथळा बदलतो, 'थोडं रडायला हरकत नाही'. पण कामाचे तास, पगारी किती, स्वतःच्या धंद्यातले किती, हेही त्याच सर्वेक्षणात असतं. ते न बघता सर्वेक्षणालाच शिव्या देणारे तुम्हीही काही कमी नाही.

कोष्टी_गल्ली: शिव्या मथळ्याला होत्या. ते तक्ते टाक की इथं, बघू.

टॉवेलवाला: तक्ते टाका नाहीतर जाळा. दिवसपाळीला दोन माणसं पाहिजेत, कुणाच्या ओळखीत असतील तर निरोप करा. पीएफचं समोरासमोर बोलू.

गिरणीचं_पोर: समोरासमोर नको. इथंच लिहा, सगळ्यांदेखत.