कॅज्युअल्टीत 'हा नाटक करतोय' असे वाटणारा रुग्ण आला, तर परिचारिकेने काय करावे?

प्रश्न : स्टाफ नर्स, कोल्हापूर

मी कोल्हापुरातील एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे आपत्कालीन विभागात, गेली ४ वर्षे काम करते. आमच्याकडे शहरातले रुग्ण येतात, तसेच राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी या बाजूंनी दीड-दोन तासांचा प्रवास करून आलेलेही येतात, आणि रात्रपाळीला बहुतेक वेळा आम्ही दोघीच सिस्टर असतो. मला जे विचारायचे आहे ते एका प्रसंगातून उभे राहिले, म्हणून तो आधी सांगते.

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराच्या सुमारास १९-२० वर्षांच्या एका मुलीला तिची आई आणि मामा घेऊन आले. तिची मान एका बाजूला पिळल्यासारखी वळली होती, डोळे वर लागले होते, जीभ मधूनच बाहेर येत होती, आणि तरीही विचारलेले सारे तिला कळत होते. दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा होती. "अभ्यास झाला न्हाई म्हणून करायलीय," असे मामा माझ्या कानाशी येऊन म्हणाले. मध्येच मिनिटभर मान सरळ होई आणि आम्ही जवळ गेलो की पुन्हा वळे, त्यामुळे माझीही खात्री पटली. मी तिच्या गालावर थापट्या मारल्या आणि मोठ्याने म्हणाले, "पुरे झाले नाटक, सरळ बघ." डॉक्टरांनी तपासण्याआधीच मी माझ्या नोंदीत 'एचसीआर' असे लिहून मोकळी झाले होते. हिस्टेरियाच्या रुग्णाला आमच्या खात्यात हीच तीन अक्षरे लावतात.

डॉक्टरांनी आल्यावर एकच प्रश्न विचारला : काल-परवा उलटीसाठी कुठे इंजेक्शन घेतले होते का? घेतले होते. ते मेटोक्लोप्रामाइडचे होते, आणि या औषधाने काही जणांचे, विशेषतः तरुण वयात, मान, डोळे आणि जबडा यांचे स्नायू असे आखडतात. फेनर्गनचे इंजेक्शन दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांत तिची मान सरळ झाली. घरी जाताना ती माझ्याकडे न बघता एवढेच म्हणाली, "सिस्टर, मी नाटक करत नव्हते."

दुसरी बाजूही सांगायला हवी. दर दहा-बारा दिवसांनी मुतखड्याची कळ आली म्हणून एक गृहस्थ येतात, डायक्लोफिनॅक या नेहमीच्या वेदनाशामकाची अ‍ॅलर्जी असल्याचे सांगतात आणि हवे ते वेदनाशामक इंजेक्शन नाव घेऊन मागतात. एकदा त्यांच्या लघवीच्या नमुन्यात रक्त होते, आणि बाटली माझ्या हातात देताना त्यांच्या अंगठ्याच्या टोकाला सुईने टोचल्याचा ताजा लाल ठिपका मी स्वतः पाहिला. अशा माणसामागे अर्धा तास जातो तेव्हा शेजारच्या कॉटवरच्या रुग्णाचा वेळ आपण दुसऱ्याला दिला असे वाटून मनस्वी संताप येतो. त्या मुलीवर विश्वास ठेवला नाही ही चूक झाली, आणि या गृहस्थांवर ठेवला तर तीही चूकच. डॉक्टर येईपर्यंतच्या दहा मिनिटांत खरे आणि सोंग यांतला फरक आपण कशावरून ओळखता?

उत्तर १ : निवृत्त इन्चार्ज सिस्टर

मी ३१ वर्षे नोकरी केली आणि त्यातली बरीचशी कॅज्युअल्टीत गेली. तुमच्या प्रश्नाला माझे सरळ उत्तर असे आहे की त्या दहा मिनिटांत हा फरक ओळखण्याची जबाबदारी तुमच्यावर नाहीच. ती आपण आपल्या अंगावर ओढून घेतो, कारण नातेवाईक आपल्याला पंच बनवतात. आपले काम त्याहून लहान आणि त्याहून निकडीचे आहे : या माणसाला तासाभरात मारू शकेल असे काही आहे का, एवढे बघणे.

ही गोष्ट मला एका सुनेने शिकवली. पावसाळ्याचे दिवस होते आणि पहाटे ५ वाजता तिला जीपमधून आणले होते. रात्री घरात भांडण झाले होते, ती न जेवता खाली सतरंजीवर झोपली होती, पहाटे पोटात दुखते म्हणून उठली, दोनदा उलटी झाली, आणि आता डोळे उघडत नव्हती. "बोलायचं न्हाई म्हणून डोळं मिटून पडलीया," असे सासू सांगत होती आणि आमच्यातल्या एकाने अमोनियाचा बोळाही आणून ठेवला होता. मी तिच्या पापणीला बोट लावले. मुद्दाम डोळे मिटलेल्या माणसाची पापणी उचलू गेले की ती बोटाला विरोध करते, घट्ट आवळली जाते. हिची पापणी ओल्या कापडासारखी वर आली आणि सोडताच तशीच खाली पडली, आणि ती डोळे उघडायचा प्रयत्न करीत होती हे तिच्या कपाळावर पडलेल्या आठ्यांवरून दिसत होते. मी तिला उशीवरून डोके उचलायला सांगितले, ते तिला उचलता येईना. एका श्वासात आकडे मोजायला सांगितले, तर ती आठवर थांबली. अंगावर कुठे सूज नव्हती आणि दाताची खूणही सापडली नाही, पण मण्यार चावते तेव्हा असेच होते : रात्री झोपेत दंश होतो, तो बहुधा दुखत नाही, पोटदुखीने सुरुवात होते, मग पापण्या, मान, आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. सरांना हाक मारली, एएसव्ही (सर्पविषावरचा उतारा) सुरू झाले, तासाभरात श्वासनलिकेत नळी टाकावी लागली. पाचव्या दिवशी नळी निघाली आणि ती घरी गेली. ती नंतर म्हणाली, "सगळं ऐकू येत होतं बाई, बोलता येत न्हवतं." त्या वाक्यानंतर मी कोणत्याही बेशुद्ध दिसणाऱ्या रुग्णाच्या उशाशी त्याच्याबद्दल वावगे बोलले नाही आणि माझ्या हाताखालच्या कोणाला बोलू दिले नाही.

म्हणून नाडी, रक्तदाब, श्वासाची गती, ऑक्सिजन, ताप, बोटाच्या रक्तातली साखर आणि डोळ्यांच्या बाहुल्या एवढे पाहिल्याशिवाय मनात मत बनवू नये. साखर ४० पर्यंत घसरलेला मधुमेही शिव्या देतो, अंगावर धावून येतो, दारू प्यायल्यासारखा बरळतो. त्याला ग्लुकोज मिळेपर्यंत त्याच्या वागण्याचा अर्थ लावणे व्यर्थ आहे.

आणि नोंदीविषयी. 'एचसीआर' हे तुम्ही लिहिलेले निरीक्षण नव्हते, तो निकाल होता. त्याऐवजी 'मान डावीकडे वळलेली, नजर वर खिळलेली, प्रश्नांना अचूक उत्तरे, मधूनमधून मिनिटभर आराम' असे लिहिले असते, तर तेच वाचून कोणाही अनुभवी डॉक्टरला औषधाची शंका आली असती. निकाल लिहिला की पुढच्या पाळीचा माणूस बघणेच थांबवतो.

उत्तर २ : मनोविकारतज्ज्ञ, काही वर्षे आपत्कालीन विभागात काम केलेला

सिस्टरांनी सांगितलेले सर्व मान्य आहे, पण एक गोष्ट स्वतंत्रपणे मांडणे मला आवश्यक वाटते. 'नाटक' या एका शब्दाखाली आपण तीन वेगळ्या माणसांना बसवतो.

पहिला जाणूनबुजून लक्षणे दाखवतो आणि त्याला बाहेरचे काहीतरी हवे असते : रजेचा दाखला, अटक टाळणे, विशिष्ट इंजेक्शन. दुसराही जाणूनबुजूनच करतो, पण त्याला रुग्ण होण्याखेरीज काहीच मिळवायचे नसते. तो शस्त्रक्रियासुद्धा करून घेतो. अशा रुग्णांचे वर्णन रिचर्ड ॲशर या डॉक्टरांनी १९५१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये केले आणि अचाट गप्पांसाठी प्रसिद्ध असलेल्या एका जर्मन सरदाराच्या नावावरून त्याला मुंकहाउझेन असे नाव दिले. तिसरा माणूस काहीच मुद्दाम करीत नाही. त्याचे झटके, त्याचा लुळा पडलेला पाय, त्याची गेलेली वाचा ही त्याच्या इच्छेने आलेली नसते आणि इच्छेने जातही नाही, मात्र मेंदूची रचना तपासणीत ठीक दिसते. यालाच आता फंक्शनल विकार म्हणतात. कॅज्युअल्टीत ज्यांना 'एचसीआर' म्हटले जाते ते बहुतांश या तिसऱ्या गटातले असतात, आणि वागणूक मात्र त्यांना पहिल्या गटासारखी मिळते.

आपल्याकडे रूढ असलेल्या चाचण्यांबाबत इथेच गफलत होते. रुग्णाचा हात उचलून त्याच्याच चेहऱ्यावर सोडला आणि तो चेहरा चुकवून बाजूला पडला, यावरून शुद्ध शाबूत असावी एवढेच कळते. माणूस खोटे बोलतो हे त्यावरून सिद्ध होत नाही. झटक्याच्या वेळी डोळे घट्ट मिटलेले असणे, मान दोन्ही बाजूंना हलणे, झटका लांबत जाणे या गोष्टी फंक्शनल झटक्याकडे बोट दाखवतात, पण खरा अपस्मार आणि फंक्शनल झटके एकाच व्यक्तीत असू शकतात. नातेवाइकांच्या मोबाइलवर झटक्याचे चित्रण असेल तर ते जरूर मागून घ्यावे, त्याचा फार उपयोग होतो. छातीच्या हाडावर बोटांचे सांधे रगडणे, नाक दाबून धरणे, अमोनिया हुंगवणे यांनी निदान पुढे सरकत नाही, फक्त रुग्णाच्या अंगावर वळ उठतात. डिस्टिल्ड वॉटरचे इंजेक्शन 'भारी औषध' म्हणून देणे हे तर त्याहून वाईट, कारण दुसऱ्याचा खोटेपणा पकडण्यासाठी तिथे आपणच खोटे बोलतो, आणि फंक्शनल रुग्णाला त्याने बरे वाटले तर ते खोटेपणाचा पुरावा समजले जाते.

भांडणानंतर 'बेशुद्ध' होऊन आलेल्या स्त्रीबाबत एक विनंती आहे. पडदा ओढून, घरच्या सर्वांना बाहेर थांबवून, तिला एकटीला विचारा की घरी कोणी मारते का. अनेकींना घराबाहेर पडण्याचा तोच एक मार्ग उरलेला असतो. १८१ हा महिला हेल्पलाइनचा आणि १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आपल्या टेबलावर लिहून चिकटवलेला असावा.

उत्तर ३ : ब्रदर (पुरुष परिचारक), ग्रामीण रुग्णालय

मी थोडे वेगळे बोलणार आहे. आमच्याकडे रात्री एकच डॉक्टर असतो, आणि रुग्ण पुढे न्यायचा तर १०८ आल्यानंतर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयापर्यंत पोहोचायला दीड तास लागतो. अशा ठिकाणी जो खरोखरच सोंग घेऊन येतो तो दुसऱ्या कुणाची तरी कॉट अडवतो, हे नाकारून चालणार नाही, आणि प्रश्न विचारणाऱ्या सिस्टरांचा राग मला चुकीचा वाटत नाही. पण मी त्यावर वादाने नव्हे, जागेने उत्तर देतो. तपासणी पूर्ण करायची, ती ठीक असली तर रुग्णाला खुर्चीवर बसवायचे, आणि अर्ध्या तासाने पुन्हा नाडी-रक्तदाब घ्यायचा. रुग्णाला हळू आवाजात सांगायचे की आत्ता घातक असे काही दिसत नाही आणि थोड्या वेळात बरे वाटू लागेल. चारचौघांत खोटे ठरवलेला माणूस ते सोंग शेवटपर्यंत रेटतो. परतीची वाट दिली तर तो तिने जातो. छातीत दुखते म्हणणाऱ्या आरोपीला पोलिसांनी हसत हसत आणले, तरी ईसीजी १० मिनिटांच्या आत निघालाच पाहिजे आणि तो चांगला आला तरी काही वेळाने पुन्हा काढला पाहिजे, कारण अटकेच्या भीतीने खराही झटका येऊ शकतो. दाखला द्यायचा की नाही हा निर्णय डॉक्टरांचा आहे, आपण त्या वादात पडू नये.

विषाच्या बाबतीत मात्र मी कोणाचेच ऐकत नाही. गाडी घेऊन दिली नाही म्हणून २२ वर्षांच्या एका मुलाने उसातल्या तणनाशकाचा घोट घेऊन थुंकून टाकला होता. तो चालत आला, बाकावर बसला आणि चहा मागत होता. "भ्या दाखवायला केलंय वो, घरी नेतो," असे वडील म्हणत होते. मी बाटली मागवली, त्यावर पॅराक्वाट लिहिलेले होते. या विषाला उतारा नाही, आणि पहिल्या दिवशी माणूस ठणठणीत दिसतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या जिभेवर फोड आले, तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली, नंतर फुप्फुसे गेली. आठव्या दिवशी तो वारला. त्याला खरोखरच फक्त भीती दाखवायची होती. म्हणून 'औषध प्यालो' असे कोणी म्हटले, मग तो हसत असला तरी, मी बाटली येईपर्यंत त्याला दाराबाहेर जाऊ देत नाही.

प्रश्नकर्तीचे पुढील टिपण

आपणा तिघांचीही मी मनापासून आभारी आहे. काल रात्री ते मुतखड्याचे गृहस्थ पुन्हा आले. या वेळी मी आधी सर्व मोजमापे घेतली, लघवीचा नमुना मावशींना दाराशी उभे करून घेतला, आणि नोंदीत 'डाव्या कुशीत वेदना सांगतात, नाडी ७६, इंजेक्शन नावाने मागितले, उजव्या कोपराच्या आत सुईच्या जुन्या खुणा' एवढेच लिहिले. त्या खुणा आजवर मी पाहिल्याच नव्हत्या, कारण ते खोटे बोलतात हे ठरल्यावर बाही वर करून बघायचे मला सुचले नव्हते. नमुन्यात रक्त नव्हते, तरी तेवढ्यावरून मुतखडा नाही असे म्हणता येत नाही, म्हणून डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली आहे आणि मनोविकार विभागाची चिठ्ठीही दिली आहे. ते जातील की नाही हे मला सांगता येत नाही.

एक शेवटचे विचारते. त्या मुलीचा फोन नंबर केसपेपरवर आहे. तिला फोन करून क्षमा मागणे योग्य होईल का?

उत्तर : निवृत्त इन्चार्ज सिस्टर

केसपेपरवरचा नंबर उपचारासाठी दिलेला असतो, म्हणून स्वतःहून करू नका. डॉक्टरांना सांगून पुनर्तपासणीसाठी बोलवा आणि समोर आल्यावर क्षमा मागा. मात्र त्याआधी एक गोष्ट तपासा. मेटोक्लोप्रामाइडमुळे हे झाले आणि ते औषध पुन्हा देऊ नये, असे तिच्या डिस्चार्जच्या कागदावर लाल शाईने लिहिले होते का? नसेल, तर पुढच्या वेळी उलटी झाली की तिला कोणीतरी तेच इंजेक्शन देईल आणि ती पुन्हा एखाद्या कॅज्युअल्टीत मान वाकडी करून पडलेली असेल. ती चिठ्ठी आजच तयार करून घ्या, आणि फोन त्यासाठी करा.