शाहूपुरीत तळमजल्यावर भाड्यानं घर घ्यावं का? आणि पुराचे खरे अपडेट बघायचे कुठं?

लातूरची_सून
नमस्कार मंडळी, मिस्टरांची कोल्हापूरला बदली झालीय, शाळा सुरू व्हायच्या आत शिफ्ट व्हायचंय. व्हीनस कॉर्नरजवळ तळमजल्यावर टू बीएचके बघितलाय, सासूबाईंना जिने चढवत नाहीत म्हणून तळमजलाच पाहिजे, आणि भाडं पण आजूबाजूपेक्षा बरंच कमी आहे. एजंट म्हणतो ताई इथं पाणी कधीच येत नाही, शेजारच्या दुकानदाराला विचारलं तर तो नुसता हसला. आम्ही लातूरचे, 2016 ला आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, पुराचं आम्हाला काही म्हणजे काहीच कळत नाही. घर घ्यावं का? आणि पावसाळ्यात कुठल्या अपडेटवर विश्वास ठेवायचा? आत्ताच दोन व्हॉट्सअॅप ग्रुपला अॅड झालेय आणि डोकं फिरायची वेळ आलीय.

पेठेतला_भावा
ताई दुकानदार हसला तिथंच उत्तर मिळालं की ओ. भाडं कमी का आहे ते पण त्यालाच विचारा.

व्हीनस कॉर्नरला नदी थेट येत नाही, जयंती नाला येतो. पंचगंगा चढली की नाल्याचं पाणी नदीत शिरतच नाही, उलटं मागं फिरतं आणि शाहूपुरीत पसरतं. म्हणून घाटावर पाणी बघून आलो, लांब आहे अजून, असं म्हणून निवांत बसायचं नाही. 2019 आणि 2021 ला तिथं काय झालं ते कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा.

आता अपडेटचं. कोल्हापुरात पावसाळ्यात एकच आकडा चालतो, कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी, फूट आणि इंचात. 39 फूट इशारा, 43 धोका. 2019 ला 55 च्या वर गेलेली, 2021 ला 56 च्या. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष दिवसातून बऱ्याचदा आकडा देतो, त्यात बंधारे किती पाण्याखाली आणि राधानगरी धरणाचे दरवाजे किती उघडले ते पण असतं. शाहू महाराजांच्या या धरणाचे 7 दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात, एकाचा विसर्ग 1428 क्युसेक. दरवाजा उघडला म्हणजे लगेच पळायचं असं नाय, पण एकामागून एक उघडायला लागले आणि वर गगनबावड्याकडं पाऊस थांबायचं नाव घेईना, की गाडी उंचावर लावायची. आणि ज्या मेसेजला तारीख-वेळ नाही तो डिलीट मारायचा, 2019 चे व्हिडिओ दरवर्षी नवीन म्हणून फिरत्यात. कंट्रोल रूमचा नंबर 1077, सेव्ह करून ठेवा.

नकाशावाला
वरच्या भावानं बरोबर सांगितलंय. मी बांधकामातला माणूस आहे म्हणून थोडं वेगळं सांगतो. निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात, निळी साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. विकत घेणार असाल तर महापालिकेच्या नगररचना विभागात त्या जागेला कुठली रेषा लागते ते लेखी काढून घ्या, एजंटच्या तोंडी बोलण्याला अर्थ नाही.

भाड्याचं असेल तर इतकं पण नको, घरात जाऊन फक्त स्विचबोर्ड बघा. जिथं पाणी येऊन गेलंय तिथं लोकांनी बोर्ड छातीच्या वर घेतलेत, फ्रिजचा पॉइंट खांद्याच्या उंचीला असतो, मीटर जिन्यावर नेऊन बसवलेला असतो. भिंतीला कमरेपर्यंत टाइल्स आणि वर नवा रंग दिसला तरी समजून जायचं. ओल पुट्टीखाली लपते, बोर्ड लपवता येत नाहीत.

वॉर्डातली_सिस्टर
घराचं वरच्या दोघांनी सांगितलंच, मी पाण्याचं सांगते. मोठा पूर आला की गंमत म्हणजे नळच बंद होतो, कारण शहराला पाणी देणारे शिंगणापूर-बालिंग्याचे पंप पाण्यात जातात. 2019 आणि 2021 ला टँकरच्या मागं अख्खं शहर पळत होतं. आता काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईन आलीय, तरी पातळी 40 च्या पुढं चालली की पिण्याचं पाणी भरून ठेवायचं.

पाणी ओसरल्यावर खरी आमची धावपळ. उंदरांच्या मुतानं लेप्टोचा ताप होतो, पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, उतरायलाच लागलं तर गमबूट घाला, आणि नंतर ताप आला तर सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा जवळच्या दवाखान्यात लगेच दाखवून पुराच्या पाण्यात गेलो होतो हे आवर्जून सांगा. मेडिकलमधून मनानं गोळ्या घेऊ नका. पाणी उकळून नाहीतर मेडिक्लोर (क्लोरीनचं औषध) टाकून प्या. आणि आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा, बॅरल नुसतं ओतून चालत नाही, कडा घासायच्या, डेंगीच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात. सासूबाई आहेत म्हणताय तर त्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या जुलै-ऑगस्टला जरा जास्तीच्या आणून ठेवा.

केएमटी_पासवाला
पुरात केएमटीचे (शहर बसचे) रूट बदलतात, स्टॉपवर ताटकळत बसण्यापेक्षा आधी कंडक्टरला नाहीतर कंट्रोलरला विचारा. गावाकडं जायचं तर शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं का बघूनच निघायचं.

आणि एक, मतदार यादीतलं नाव लातूरलाच राहू देऊ नका. फॉर्म 8 ऑनलाइन भरला की पत्ता बदलतो, नवीन नाव काढायचा फॉर्म 6 भरू नका, उगाच दोन ठिकाणी नाव राहतं. इथं नोव्हेंबर 2020 पासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकच होता, गटारीसाठी फोन कुणाला लावायचा तेच कळत नव्हतं. आता 81 नगरसेवक आहेत, तुमच्या प्रभागातले कोण ते बघा आणि नालेसफाई पावसाच्या आत झाली का विचारा. मतदार नसला तरी विचारायचं, घाबरायचं काय त्यात.

लातूरची_सून
सगळ्यांचे खूप आभार. आत्ताच काढलेले फोटो परत बघितले, हॉलमधला टीव्हीचा पॉइंट चक्क खिडकीच्या वर आहे, मला वाटलं डिझाइन आहे. मिस्टरांना दाखवलं, टोकन द्यायचं थांबवलंय. राजारामपुरीत किंवा प्रतिभानगरला लिफ्ट असलेलं काही असेल तर सांगा, बजेट थोडं वाढवू.

पेठेतला_भावा
लिफ्टवाल्याला जनरेटर आहे का तेवढं आधी विचारा ताई. लाईट गेली तर सासूबाई वरच अडकायच्या.