वैद्यकीय लष्करी अधिकाऱ्याची ज्येष्ठतेची तारीख चुकली असेल, तर ती सुधारून घेण्याला मुदत असावी का?

वानवडीकर (धागाकर्ता)

आर्मी मेडिकल कोअरमध्ये दाखल होणाऱ्या डॉक्टरच्या कागदपत्रांत तीन वेगळ्या नोंदी असतात: कमिशन (अधिकारी म्हणून नेमणूक) मिळाल्याची तारीख, ज्येष्ठता जिथून मोजायची ती तारीख, आणि निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी सेवा. पायदळातल्या तरुण अधिकाऱ्याच्या बाबतीत पहिल्या दोन नोंदी बहुधा एकच असतात. डॉक्टरचे मात्र तसे नाही. एमबीबीएस, इंटर्नशिप आणि पुष्कळदा एमडी किंवा एमएस आटोपून तो गणवेश चढवतो, तेव्हा त्याच्या वयाचे लढाऊ अधिकारी सेवेत बरेच पुढे गेलेले असतात. शिक्षणात गेलेली ही वर्षे पूर्णपणे वाया जाऊ नयेत म्हणून पदव्युत्तर पदवीबद्दल ज्येष्ठतेची तारीख मागे नेण्याची सोय आहे, जिला सेवेतली मंडळी ‘अँटे-डेट’ म्हणतात.

समजा, एखाद्या डॉक्टरने रुजू होतानाच पदवीचे प्रमाणपत्र जोडले, ते दप्तरात जमाही झाले, पण तारीख मागे नेण्याचा आदेश निघालाच नाही. ही चूक लक्षात यायला दहा-बारा वर्षे सहज जातात, कारण सुरुवातीच्या बढत्या सर्वांनाच मिळत असतात आणि काही महिन्यांच्या फरकाची झळ निवड मंडळाची वेळ येईपर्यंत फारशी जाणवत नाही. त्यानंतर अर्ज केला की ‘मुदत संपली’ असे उत्तर येते.

माझे म्हणणे असे की, चूक सरकारी दप्तराची असेल आणि तिचा पुरावाही त्याच दप्तरात असेल, तर दुरुस्तीला मुदतीची आडकाठी नसावी. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आर्मी डेंटल कोअरमधील एका महिला अधिकाऱ्याच्या प्रकरणात कायम कमिशन (ठरावीक वर्षांपुरती नव्हे, तर निवृत्तीच्या वयापर्यंतची नेमणूक), तेही तिच्यासारख्याच इतरांना ज्या तारखेपासून मिळाले त्या तारखेपासून, देण्याचा आदेश दिला आणि त्यामागोमाग ज्येष्ठता, बढती व थकबाकीही देण्यास सांगितले. इतक्या वर्षांनंतर तिथे तारीख मागे नेता येते, तर जिथे वाद फक्त एका राहून गेलेल्या नोंदीचा आहे, तिथे ती का नेता येऊ नये?

कलम बावीस

धागाकर्त्यांनी सांगितलेल्या निकालाचा आधार वेगळा आहे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. त्या प्रकरणात प्रश्न दप्तरातल्या चुकीचा नव्हता. २०१३ मध्ये कायम कमिशनसाठीच्या परीक्षेच्या वयोमर्यादेचे नियम बदलले, त्याविरुद्ध काही अधिकारी सशस्त्र दल न्यायाधिकरणात (सैनिकांच्या सेवाविषयक तक्रारी ऐकणाऱ्या न्यायमंचात) गेले व जानेवारी २०१४ मध्ये त्यांना दिलासा मिळाला. ही अधिकारी त्या अर्जात नव्हती, एवढ्याच कारणाने तिला वगळणे न्यायालयाला मान्य झाले नाही. शिवाय हा आदेश घटनेच्या अनुच्छेद १४२ खाली, म्हणजे समोरच्या प्रकरणात पूर्ण न्याय करण्याच्या विशेष अधिकारात दिलेला आहे, त्यामुळे त्यातून मुदतीविषयी सरसकट नियम काढणे धाडसाचे ठरेल.

मुदत कशी मोजतात तेही इथे सांगतो. सशस्त्र दल न्यायाधिकरण अधिनियम २००७ च्या कलम २२ नुसार अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. तक्रारीला सहा महिने उत्तरच आले नाही, तर त्यापुढचे सहा महिने मिळतात, आणि सबळ कारण दाखवल्यास उशीर माफ करण्याचा अधिकारही न्यायाधिकरणाला आहे. म्हणजे कायदा निर्दय नाही. पण उशीर माफ करणे ही सवलत आहे, हक्क नव्हे.

तरसेम सिंग प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जी रेषा आखली ती मला योग्य वाटते. वेतन किंवा निवृत्तिवेतन कमी मिळत असेल, तर दर महिन्याला नवी हानी होते आणि इतर कोणाचे काही जात नाही, म्हणून उशीर झाला तरी दाद मिळू शकते. ज्येष्ठता आणि बढतीचे तसे नाही, कारण एकाला वर सरकवले की दुसरा खाली जातो आणि त्या दुसऱ्याने काहीही चूक केलेली नसते. १९९५ च्या एम. आर. गुप्ता निकालातही हाच भेद होता: वेतननिश्चितीची मागणी उशिराही ऐकता येईल, पण तिच्या मागून येणाऱ्या बढतीच्या मागणीला विलंबाचा आक्षेप लागू राहील.

वानवडीकर

ही रेषा मलाही मान्य आहे. प्रश्न एवढाच की ज्येष्ठतेची तारीख तिच्या कोणत्या बाजूला पडते. आपण ती सगळीच्या सगळी बढतीच्या बाजूला टाकता आणि तिथेच माझा आक्षेप आहे.

लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती आता ठरावीक सेवाकाळ पूर्ण झाला की मिळते, त्यासाठी रिकामी जागा लागत नाही. अशा ठिकाणी माझी तारीख दीड वर्षाने मागे गेली, तर कोणाच्या खांद्यावरचा तारा उतरतो? कोणाच्याच नाही. मला जे लवकर मिळायला हवे होते ते उशिरा मिळाले आणि त्याबरोबर वेतनही मागे राहिले, म्हणजे ही बाब तरसेम सिंग निकालाच्या पहिल्या भागात बसते. निवड करून दिली जाणारी कर्नल व त्यावरची पदे वेगळी, हे मी लगेच मान्य करतो. पण त्या पदांकडे बोट दाखवून खालच्या पायऱ्यांवरची दुरुस्तीही नाकारायची, हे तर्काला धरून नाही.

जुना कक्ष अधिकारी

मी राज्य शासनाच्या आस्थापना शाखेत उभी नोकरी केली. लष्कराचे नियम वेगळे असले तरी माणसांचे वागणे तेच असते. आमच्याकडे १ जानेवारीच्या स्थितीनुसार तात्पुरती ज्येष्ठता यादी फिरते, हरकती मागवल्या जातात आणि मग ती अंतिम होते. यादी समोर आल्यावर सही करून गप्प बसणारे आणि वरची जागा रिकामी होताना जागे होणारे कर्मचारी मी पुष्कळ पाहिले. जन्मतारखेच्या बदलाचा अर्ज सेवेत आल्यापासून पाच वर्षांतच करता येतो, हा आमच्याकडचा नियमही याच अनुभवातून आलेला आहे.

पदोन्नतीचा मानीव दिनांक, म्हणजे ती आधीच्या तारखेला मिळाली असे मानण्याची तारीख, आम्हीही देतो. पण तो देताना ज्याच्या वर नाव बसवायचे त्याला नोटीस द्यावी लागते, आणि मग त्याचे अभिवेदन, त्यावर अभिप्राय, त्यावर पुन्हा अभिवेदन असे सुरू होते. एका माणसाची तारीख सुधारताना अकरा माणसांच्या फायली उघडाव्या लागतात. हे काम ज्यांनी केले नाही त्यांना ‘साधी नोंद राहिली आहे’ असे वाटणे स्वाभाविक आहे.

सरिता_नाशिक

जन्मतारखेशी केलेली तुलना इथे लागू पडत नाही. जन्मतारीख कर्मचारी स्वतः सांगतो, त्यामुळे ती चुकल्याची जबाबदारीही त्याच्यावर टाकणे रास्त आहे. अँटे-डेट मोजण्याचे काम मात्र सरकारचे आहे आणि अधिकाऱ्याचे काम प्रमाणपत्र देऊन संपते. पूर्वेकडच्या एखाद्या फील्ड अँब्युलन्समध्ये (सेनेच्या वैद्यकीय तुकडीत) बसलेल्या कॅप्टनने दिल्लीतल्या कार्यालयाची आकडेमोड दरवर्षी तपासावी, अशी अपेक्षा करणाऱ्यांनी तो तिथे कशासाठी पाठवला गेला आहे याचाही विचार करावा.

दूरदेशीचा डॉक्टर

मी अमेरिकेत राहतो. तिथल्या व्यवस्थेची माहिती या वादाला उपयोगी पडेल. १९४६ पूर्वी सैनिकाच्या कागदपत्रातली चूक सुधारण्यासाठी काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, त्या एकट्या माणसापुरते विधेयक आणावे लागे. ते बंद करून प्रत्येक सेनादलासाठी दप्तर-दुरुस्ती मंडळ नेमण्यात आले, ज्याचे सदस्य गणवेशातले नसून नागरी अधिकारी असतात. ‘चूक दुरुस्त करण्यासाठी किंवा अन्याय दूर करण्यासाठी’ कोणतीही लष्करी नोंद बदलण्याचा अधिकार त्यांच्यामार्फत वापरला जातो. चूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे, पण न्यायाच्या दृष्टीने आवश्यक वाटल्यास मंडळ ती बाजूला ठेवू शकते.

तिथेही डॉक्टरांचा प्रश्न वारंवार येतो, कारण वैद्यकीय पदवीच्या चार वर्षांचे श्रेय प्रवेशाच्या वेळी धरले जाते आणि डॉक्टर थेट कॅप्टन, किंवा नौदलात त्याला समकक्ष असलेला लेफ्टनंट, म्हणून रुजू होतो. आवश्यकतेपेक्षा जास्त श्रेय उरले, तर त्या पदावरची तारीख मागे जाते. हे श्रेय मोजताना इंटर्नशिप किंवा एखादा कालखंड सुटला, तर पुढचे सगळे गणित चुकते.

दुसऱ्याचे नुकसान होते या आक्षेपावरही तिथे तोडगा आहे. दुरुस्त केलेल्या तारखेनुसार अधिकारी पूर्वीच निवड मंडळापुढे यायला हवा होता असे ठरले, तर विशेष निवड मंडळ बसते, त्याचे तेव्हाचे दप्तर तेव्हाच्या काही निवडलेल्या व न निवडलेल्या अधिकाऱ्यांच्या दप्तरांशी ताडून पाहते आणि तो तेव्हा निवडला गेला असता का, एवढेच ठरवते. आधी निवडलेल्यांपैकी कोणालाही खाली आणले जात नाही. अर्थात तिथली व्यवस्था फार उदार आहे असेही समजू नये. लष्करी वैद्यकीय विद्यापीठात शिकणारे विद्यार्थी शिकताना कमिशनवर असतात, तरी ती वर्षे वीस वर्षांच्या निवृत्ती-पात्रतेत धरली जात नाहीत. कायद्यानेच जे नाकारले आहे ते मंडळ ‘अन्याय’ म्हणून देऊ शकत नाही.

कलम बावीस

माहिती चांगली आहे. पण विशेष मंडळासारखी सोय आपल्याकडे नाही असा कोणाचा समज व्हायला नको. गोपनीय अहवालातली एखादी नोंद रद्द झाली, तर अधिकाऱ्याचा नव्याने विशेष आढावा घेण्याची पद्धत आपल्या सेनेतही आहे. नवे मंडळ उभारण्याऐवजी तीच वाट तारखेच्या दुरुस्तीला मोकळी करावी, इथपर्यंत मी येऊ शकतो. मात्र त्यासाठीही काही मुदत हवीच. चौदा वर्षांपूर्वीच्या निवड मंडळापुढे कोणता अधिकारी टिकला असता, हे आज कागदांवरून ठरवणे म्हणजे न्यायापेक्षा अंदाजच अधिक.

लेखाशाखा

सगळी चर्चा पदावर चालली आहे, पैशाचे कोणी बोलत नाही. सेनेच्या अधिकाऱ्यांची वेतनखाती पुण्यातल्या संरक्षण लेखा कार्यालयात सांभाळली जातात. तिथे तारीख बदलल्याचा आदेश आला की प्रश्न उभा राहतो तो थकबाकी कुठपासून द्यायची याचा. तरसेम सिंग निकालात अर्जदार सुमारे सोळा वर्षांनी न्यायालयात आला होता, म्हणून त्याची थकबाकी अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरती मर्यादित केली गेली. उलट बाजूने १९९१ चा जानकीरामन निकाल सांगतो की काम करायला तयार असलेल्या माणसाला सरकारनेच बढतीपासून दूर ठेवले असेल, तर ‘काम नाही तर वेतन नाही’ हे तत्त्व त्याच्यावर लादता येत नाही. माझ्या मते तारीख पूर्ण मागे न्यावी आणि थकबाकी तीन वर्षांची द्यावी. वेतननिश्चिती नव्या तारखेपासून काल्पनिक (जुन्या काळाचे पैसे न देता, फक्त कागदोपत्री) धरली की निवृत्तिवेतन आपोआप सुधारते आणि तिजोरीवरचा भारही आवाक्यात राहतो.

निवृत्त सर्जन, औंध

मी स्वतः या कोअरमध्ये होतो. पदाच्या तारखेवर इतकी शाई खर्च होताना पाहून नवल वाटते, कारण ज्याला खरी झळ बसते तो अधिकारी कर्नलपदाच्या रांगेत नसतोच. शॉर्ट सर्व्हिसवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या कमिशनवर आलेला डॉक्टर जास्तीत जास्त चौदा वर्षे राहतो, अधिकाऱ्याच्या निवृत्तिवेतनाला साधारणपणे वीस वर्षांची अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी) सेवा लागते, आणि उशिरा दाखल होऊन निवृत्तीच्या वयापर्यंत राहिलेल्यांसाठी ती पंधरा वर्षे आहे. या पंधरा किंवा वीसच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या सेवेतले काही महिने मोजायचे राहिले, तर त्याचे निवृत्तिवेतनच जाते. त्याने कोणाच्याही पुढे जाण्याची मागणी केलेली नसते.

म्हणून धागाकर्त्यांना माझी सूचना आहे की त्यांनी दोन मागण्या एकाच अर्जात गुंफू नयेत. सेवेच्या मोजणीची मागणी वेगळी करावी, तिच्यावर मुदतीचा आक्षेप टिकणे अवघड आहे. ज्येष्ठतेच्या मागणीच्या गळ्यात ती बांधली की दोन्ही एकदम फेटाळल्या जाण्याचा धोका असतो. आणि तरुण डॉक्टरांना एवढेच सांगेन की कायम कमिशन मिळते त्या वेळी तारखा पुन्हा ठरवल्या जातात. त्या आदेशाची प्रत हाती पडताच स्वतः आकडेमोड करा आणि फरक दिसला तर त्याच आठवड्यात लेखी कळवा.

सरिता_नाशिक

शेवटच्या सूचनेचा अर्थ पुन्हा तोच होतो, की हिशेब चुकवायचा सरकारने आणि पकडायचा अधिकाऱ्याने. आदेशाबरोबर गणनेचा तक्ता जोडणे बंधनकारक का करू नये? कोणती पदवी धरली, किती महिने दिले, किती नाकारले आणि का, हे एका पानावर लिहून द्या आणि मग मुदत त्या पानापासून मोजा. ज्याला असे पान मिळालेच नाही, त्याच्यावर मुदत सुरूच झाली नाही असे मानावे.

कलम बावीस

हा तक्ता मला पूर्ण मान्य आहे, आणि मुदत त्यापासून मोजण्यालाही माझी हरकत नाही. पण आजवर कोणालाच तो मिळालेला नाही, म्हणजे मागच्या तीस वर्षांतल्या प्रत्येकाची मुदत उघडीच आहे असे आपण म्हणत असाल, तर त्या भागाला माझा विरोध कायम राहील.