काचघरात फ्लॅश: हवा की नको?

हरितदृष्टी
हिवाळ्यात, तापवलेल्या काचघरात विदेशी झाडांचे फोटो काढताना फ्लॅश बंदच ठेवावा, असं माझं ठाम मत. आभाळ भरलेलं असलं की काचेचं अख्खं छतच डिफ्यूझर, म्हणजे उजेड पसरवून मऊ करणारा पडदा, होतं. सावल्या मऊ पडतात, ऑर्किडच्या पाकळीतल्या शिरा दिसतात. दाट पानांखाली उजेड कमी असतो, मान्य. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ/८ (लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा मोठा तेवढं छिद्र लहान) ला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे आयएसओ १६०० ला १/६० सेकंद. आजच्या सेन्सरला एवढं सहज झेपतं. फ्लॅश मारला की मागचं सगळं रान गायब आणि घटपर्णीचा घडा काळ्या पडद्यासमोर टांगलेला.

एफबावीस
हा हिशेब लांबून काढलेल्या फोटोचा झाला. १:१ मॅक्रोला, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकारात उमटते तेव्हा, एफ/८ लावलं तरी सेन्सरवर एफ/१६ इतकाच उजेड पोचतो. दोन स्टॉप (प्रत्येक स्टॉपला उजेड निम्मा) तिथेच गेले, तुमचं १/६० आलं १/१५ वर. पानाची चकाकी मारायला पोलरायझर फिल्टर लावलात तर आणखी दीड-दोन स्टॉप. एवढं करून फुल फ्रेम सेन्सरवर फोकसची खोली जेमतेम १ मिमी. हवा खेळती ठेवणारे पंखे चालू असतात, फूल देठावर डुलत राहतं, त्यामुळे स्टॅकिंगच्या (वेगवेगळ्या फोकसचे फोटो एकत्र जोडण्याच्या) फ्रेम जुळत नाहीत आणि कडांना भुतं, म्हणजे पुसट दुहेरी कडा, उमटतात. कमी पॉवरवर फ्लॅश सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरताच पेटतो, त्यात डुलणं गोठतं. एफ/११, १/२००, आयएसओ २००, लेन्सच्या तोंडाशी पसरट डिफ्यूझर.

मागचं काळं पडतं ते फ्लॅशमुळे नाही, वेगवान शटरमुळे. अख्खं फूल फ्रेममध्ये असेल तर आयएसओ ८००, एफ/८, १/६० ठेवून बघा. मागचं साधारण दीड स्टॉप खाली राहतं, रान दिसतं.

हरितदृष्टी
१/६० ला मागचा उजेडही नोंदला जातो ना! फूल हललं की फ्लॅशची धारदार कड आणि शेजारी पुसट सावली, म्हणजे भूत तुमच्याही फोटोत आलंच. अँथुरियमसारख्या मेणचट पानावर डिफ्यूझरचा पांढरा चौकोन उमटतो, तो वेगळाच.

शेवाळ
दोघंही काचघराच्या दाराशीच अडखळणार आहात. आत २५ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं ते तापमान, साधारण २१ अंशांवर येतो. बाहेरून आणलेली लेन्स त्याहून गार आहे तोवर काच धूसरच होणार. पुसून उपयोग नाही, लगेच परत धरते, वर फराटे उठतात. कॅमेरा बाहेरच पातळ झिपच्या पिशवीत बंद करायचा, दव पिशवीवर बसू द्यायचं, तासाभराने उघडायचं. गादीच्या बॅगेत ठेवलात तर तो तापायला फार वेळ घेतो. त्याहून चांगलं म्हणजे आधी निवडुंगाच्या कोरड्या दालनात जा. १८ अंश, ४० टक्क्यांना दवबिंदू चार-पाच अंशांवर असतो. कॅमेरा तिथे तापवून मग दमट दालनात. आत लेन्स बदलू नका. झूम मागेपुढे केली की नळी पंपासारखी दमट हवा आत ओढते, आतल्या काचेवर दव धरलं तर ते पुसताही येत नाही.

आणि “नैसर्गिक उजेड” कुठला? हिवाळ्यात दिवस लहान, म्हणून बऱ्याच काचघरांत पुरवणी दिवे जळत असतात. सोडियम दिव्याच्या उजेडात निळा जवळजवळ नसतोच, जांभळ्या एलईडीत हिरवा नसतो. जे नोंदलंच गेलं नाही ते रंग सावरणारा व्हाइट बॅलन्स कुठून आणणार? शिवाय हे दिवे लुकलुकतात, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक शटरने फोटोवर पट्टे येतात. मेकॅनिकल शटर वापरा. वीज ५० हर्ट्झची असेल तर १/५० किंवा १/१००.

एफबावीस
हेच म्हणतोय! दिवा डोक्यावर असेल तिथे फ्लॅशशिवाय खरा हिरवा मिळत नाही.

हरितदृष्टी
दिवा नसलेला कोपरा शोधा की. फिलिपिन्सची जेड वाइन हिवाळ्याच्या शेवटी फुलायला लागते. तिचा हिरवट निळा आधीच एसआरजीबीत, म्हणजे पडद्यांच्या नेहमीच्या रंगपटात, नीट मावत नाही. रॉ मध्ये, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद जपणाऱ्या फाइलमध्ये, काढा, रुंद रंगपटात उघडा आणि मऊ उजेडातच ठेवा. फ्लॅशच्या चमकेने तो आणखी फाटतो. ट्रायपॉड चालत नसेल तर मोनोपॉड, पण तोही अरुंद वाटेवर विचारूनच.

एफबावीस
जेड वाइन दिली तुम्हाला. पण बेगोनिया पॅव्होनिना? तिच्या पानाचा निळा रंगद्रव्याचा नाही, हरितलवकातल्या बारीक थरांवरून परतणाऱ्या उजेडाचा आहे. कोन बदलला की रंग बदलतो. तुमच्या मऊ छताखाली ते नुसतं हिरवं पान दिसेल. उजेड लेन्सच्या जवळून मारला की निळं पेटतं.

हरितदृष्टी
त्या एका बेगोनियासाठी खिशातला टॉर्च पुरे.