गावच्या वाचनालयात कॉलेजची मुलं शिकवायला आणायची आहेत, कुणाला गाठायचं?

वाचनालयवाला:
बेळगाव तालुक्यात पश्चिमेकडं आमचं गाव. तरुण मंडळाचं वाचनालय आहे, वर हॉल. दहावीची पोरं संध्याकाळी येऊन बसतात, पण अडलं तर सांगणारं कुणी नाही. टिळकवाडीतल्या कॉलेजांची मुलं शनिवारी यावीत असं वाटतंय. एका ठिकाणी अर्ज दिला. शिक्का मारून पोच मिळाली, पुढं काही हललं नाही. थेट प्राचार्यांना भेटू का? करारबिरार लागतो का?

निवृत्त_मास्तर:
करार राहू दे ओ. प्राचार्यांच्या टेबलावर असल्या अर्जांची चळत असते. कॉलेजातल्या एनएसएसचा, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचा, कार्यक्रम अधिकारी गाठा. मी ते काम बरीच वर्षं केलंय. स्वयंसेवकाचे वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० भरायचे असतात, शिवाय सात दिवसांचं शिबिर. आवारातलं गवत काढून किती तास भरणार? तुमच्याकडं खरं काम आहे म्हटल्यावर तोच फोन करेल.

अर्जात ‘सहकार्य मिळावे’ असलं मोघम नको. वार, वेळ, किती मुलं, कुठला विषय ते लिहा. अर्ज कन्नडमधून दिलात तर फाइल लवकर सरकते, हा आपला अनुभव.

आणि विषयात कन्नड घालाच. मराठी माध्यमाची पोरं गणित ओढून नेतात, पण एसएसएलसीच्या, म्हणजे इथल्या दहावी बोर्डाच्या, कन्नड पेपरला घाम फुटतो. घरात नाही, शेतात नाही, कानावर पडणार कुठून? मग निबंध पाठ करायचे आणि विषय बदलला की पेन खाली. बैलहोंगल-सौंदत्तीकडची कन्नड बोलणारी मुलं-मुली शिकायला बेळगावात असतात, त्यांना बोलवा. आमच्याकडं आलेल्या एका मुलीनं पुस्तक मिटून ठेवलं आणि पोरांना दुकानदार-गिऱ्हाईक करून बसवलं. गूळ, मीठ, काडेपेटी, सगळा सौदा कन्नडमधून. एकानं भाव पाडताना असं काही वाक्य जुळवलं की ती मुलगीच हसून बेजार. एरवी तोंड न उघडणारा तो पोरगा पुढच्या शनिवारी सगळ्यांच्या आधी हजर.

हजेरीची वही मात्र चोख ठेवा: आल्या-गेल्याची वेळ, सही, मंडळाचा शिक्का. महिन्याला झेरॉक्स कॉलेजात द्या, नाहीतर तास धरत नाहीत.

चंदगडची_पोर:
मुलींना येण्याजाण्याचा खर्च नाही. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळं बायकांना जून २०२३ पासून सरकारी साध्या बसमध्ये तिकीट लागत नाही. पण ओळखपत्रावर पत्ता कर्नाटकातला हवा. माझ्यासारख्या महाराष्ट्रातल्या चंदगडहून येणाऱ्यांना पैसे मोजावे लागतात, शेजारच्या सीटवरची मैत्रीण फुकट! असल्यांचं भाडं मंडळानं द्यावं.

व्हीटीयूवाला:
इंजिनिअरिंगवाल्यांनाही विचारा की. पदवीसाठी आम्हा व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) मुलांना १०० अ‍ॅक्टिव्हिटी पॉइंट गोळा करावे लागतात, समाजकार्याचेच. शेवटच्या वर्षी कुठं काम मिळतंय म्हणून पोरं हुडकत फिरतात. गणित-विज्ञान आमच्यावर सोडा. सेमिस्टर परीक्षेच्या महिन्यात मात्र कुणी फिरकणार नाही, आधीच सांगतो.

वाचनालयवाला:
सोमवारी एनएसएसवाल्यांना भेटतो. एक शंका: तीन ते पाच वेळ धरली तर आमच्याकडून परतीची बस पावणेसहाला. हॉस्टेलच्या मुलींना चालेल?

निवृत्त_मास्तर:
बस चुकली तर पंचाईत. दोनलाच सुरू करा. आणि वॉर्डनचा नंबर त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.