तळं खोल केलं की बदकं येतात?

‘गाळ काढून तळं खोल केलं की बदकं आपोआप येतात’ हे अनेकदा ऐकू येणारं मत अर्धंच बरोबर आहे. ब्रिटनमधले पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्यांचे क्लब तळी राखतात, पण तिथे खोलीपेक्षा उथळ काठ महत्त्वाचा. चक्रांगासारखं लहान बदक बुडी न मारता, मान खाली घालून खातं; वीतभर पाण्यापलीकडे त्याची चोच तळाला पोचत नाही. म्हणून काठाचा उतार १:१० किंवा त्याहून सौम्य ठेवायचा, म्हणजे दहा मीटर आत गेल्यावर जेमतेम मीटरभर खोली, मध्यभागी मीटरभर खोली पुरे. काढलेला गाळ काठावर रचू नये, पावसाने तो परत आत येतो. दक्षिणेकडचे विलो छाटले तर ऊन पाण्यावर पडतं. काम सप्टेंबर ते जानेवारीत, तेही एका वर्षी अर्ध्याच तळ्यात, म्हणजे उरलेल्या अर्ध्यात किडे-बेडूक तगतात.

खरा घोटाळा गाळ उपसणाऱ्या यंत्राच्या बकेटमधून होतो. क्रॅसुला हेल्म्सी या आगंतुक वनस्पतीचा बोटाच्या पेराएवढा तुकडाही रुजतो, त्यामुळे दुसऱ्या तळ्यावरून आलेलं यंत्र धुतल्याशिवाय पाण्यात उतरवू नये. आणि हो, बदकांसाठी बार्ली टाकताना हात आखडता हवा. उरलेलं धान्य कुजतं नि पाण्यातला ऑक्सिजन खातं.