दिव्याआधी खिडकी बघा
यूव्ही (अतिनील किरण) देऊनही प्लेटवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या बशीत, ई. कोलाय या जिवाणूच्या वसाहती उगवतात, यूव्हीचा दिवा गेला का, असं एकाने विचारलंय. दिवा बहुधा ठीक असेल. २५४ नॅनोमीटरच्या किरणांनी डीएनएतले शेजारचे थायमिन (डीएनएच्या साखळीतलं एक 'अक्षर') एकमेकांना चिकटतात आणि जिवाणूतलं फोटोलायेज हे विकर (एन्झाइम) निळ्या उजेडाच्या जोरावर ते सोडवतं, म्हणून जिवाणू वाचतात. संशोधक केल्नरने हा उजेडाचा परिणाम १९४९ मध्येच दाखवला होता. सोलापूरच्या दुपारी खिडकीशी ठेवलेल्या प्लेटला आणखी काय हवं! झाकण काढूनच यूव्ही द्या (साधी काच ते अडवते, डोळे मात्र सांभाळा), लगेच काळ्या कागदात गुंडाळा, ३७ अंशांवर २४ तास ठेवा. हाताळताना पिवळाच दिवा लावा. तरी थोड्या वसाहती येतीलच, कारण अंधारातली दुरुस्ती वेगळी असते. तिथे बिघडलेला १२-१३ न्यूक्लिओटाइडांचा (डीएनएच्या साखळीतल्या दुव्यांचा) तुकडाच कापून नवा भरला जातो.